अंगावरची जोखीम

केगावला विद्यापीठाच्या फाटकाशी बस रिकामी होते
आणि ऊन आत चढतं.
दुसऱ्या मजल्यावर हलकुडे सर फळ्यावर लिहितात : डेरिव्हेटिव्ह.
जरा थांबून, शेजारी : व्युत्पन्न.
जुन्या लोकांत व्युत्पन्न म्हणजे पंडित, ते म्हणाले.
इथं मात्र ज्याला स्वतःचं मोल नाही ते.
सूत चढलं की चढतं, सूत पडलं की पडतं.
मागच्या बाकावरून नागेश मेरगू हळूच म्हणाला,
म्हणजे आमचा बाप.

हसलो सगळे. त्याचे वडील टॉवेलच्या कारखान्यात, माझेही.
वीस नंबरचं सूत किलोमागं दहा रुपयांनी वर गेलं
की एमआयडीसीत दोन पाळ्यांची एक होते,
हे आम्हाला कोणत्याच सूत्राशिवाय पाठ.

मग ऑप्शन. हक्क आहे, बंधन नाही.
इसार द्यायचा, नको वाटलं तर सोडून द्यायचा.
दिवस सरतात तसा तो इसार झिजत जातो,
भाव जागचा हलला नाही तरी.
त्या झिजण्याला एक ग्रीक अक्षर आहे, थीटा.
मी वहीच्या कडेला लिहिलं : कडक भाकरीला थीटा नसतो.
सरांनी वाचलं. खोड म्हणाले नाहीत.

हेजिंग म्हणजे कुंपण.
आणि सर, समोरच्या पार्टीनंच हात वर केले तर?
तर कुंपणानं शेत खाल्लं. पुढची स्लाइड.

घरी आई मांडीवर सूप घेऊन बसलेली.
पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा.
चेकर हजारामागं पन्नास छाटात काढतो
म्हणून ती साडेदहाशे वळते.
कधीपासून, ते तिलाही आठवत नाही.
मी म्हटलं, याचंच आम्ही गणित करतो, अम्मा :
शंभरातल्या पंच्याण्णव दिवशी तोटा एवढ्याच्या आत.
दातानं दोरा तोडत ती : आणि उरलेले पाच?
त्यांच्याबद्दल हा आकडा काही बोलत नाही.
यावर ती तेलुगूत एकच शब्द बोलली.
मराठीत आणायला गेले तर दोन पानं होतील.

जानेवारीत गड्डा भरला.
आम्ही निघालो तर शेजारच्या इरम्मा कुडक्याल दारातून ओरडल्या,
"गर्दी लई हाय गं, अंगावर जोखीम ठेवू नका."

जोखीम.
दोन सेमिस्टर मी हा शब्द गिरवतेय,
प्रमाण विचलन, बीटा, सहसंबंध,
आणि वर्गात कुणी सांगितलंच नाही
की आमच्या गल्लीत जोखीम म्हणजे सोनं.
जे हरवू शकतं
आणि जे हरवू नये
एकाच शब्दात वळलेलं, दोरा न दिसता.

आईनं मोकळे हात वर करून दाखवले.
बांगड्या माझ्या दुसऱ्या वर्षाच्या फीपायी
चाटी गल्लीतल्या कुणाच्या तिजोरीत आहेत,
पावती ज्वारीच्या डब्यात.
"माझी जोखीम अंगावर घालता येत नाही," ती म्हणाली,
"ती साडेपाचच्या बसनं येते."
आणि चप्पल शोधायला वाकली.

परीक्षेत पहिलाच प्रश्न : जोखमीची व्याख्या लिहा. दोन गुण.
पुस्तकातली लिहिली,
अपेक्षित परताव्यापासूनचं विचलन वगैरे.
पाचवा बहुतेक चुकला, कुठंतरी चिन्ह उलटं पडलं.

परतताना बाळे मागं पडलं की बसमध्ये गर्दी वाढते.
एका बाईनं गळ्यातली पोत पदराखाली सारली.
मी पाठीवरची सॅक पुढं घेतली
(कॅल्क्युलेटर, हॉलतिकीट, अर्धी कडक भाकरी)
आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिले,
ब्रेक लागेल तशी डुलत.